परदेशी शिक्षण : कागद, तारखा आणि पहिले सहा आठवडे

प्रवेशाचे पत्र मिळाल्यापासून पहिल्या सत्राचे वर्ग सुरू होईपर्यंतच्या काळाबद्दल या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. ती वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. कागदच नाही म्हणून अडलेले विद्यार्थी थोडे असतात. कागद आहे, पण त्याची तारीख, नाव किंवा रक्कम शेजारच्या कागदाशी जुळत नाही म्हणून अडलेले मात्र पुष्कळ. म्हणून उत्तरे देताना कोणता कागद कशाच्या आधी लागतो, यावर आम्ही अधिक भर दिला आहे. आकडे आणि नियम २०२५च्या अखेरचे आहेत. ते वर्षातून दोनदाही बदलतात, तेव्हा अर्जाचे शुल्क भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ताडून घ्यावेत.

प्रश्न : ब्रिटनमध्ये, लंडनबाहेरच्या विद्यापीठात एक वर्षाच्या एमएस्सीला प्रवेश मिळाला आहे. निम्मी रक्कम वडिलांच्या खात्यावर आणि निम्मी काकांच्या मुदत ठेवीत दाखवली तर चालेल का?

वडिलांची चालेल, काकांची नाही. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या, आई-वडिलांच्या, कायदेशीर पालकाच्या किंवा जोडीदाराच्या नावावर असावे लागतात. काका, मामा, आजोबा, मोठी बहीण यांपैकी कोणाचेही खाते धरले जात नाही, मग त्यांनी कितीही ठाम हमीपत्र लिहून दिलेले असो. काकांना मदत करायचीच असेल तर त्यांनी ती रक्कम तुमच्या किंवा वडिलांच्या खात्यात वळती करावी. मात्र पैसे खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात आणि त्या दिवसापासून ही मोजणी नव्याने सुरू होते, हे ध्यानात ठेवून लवकर करावी. वडिलांचे खाते दाखवताना सोबत तुमचा जन्मदाखला आणि ‘हे पैसे मुलाच्या शिक्षणासाठी वापरण्यास माझी संमती आहे’ असे त्यांचे सहीचे पत्र जोडा.

आता रक्कम. विद्यापीठाकडून येणाऱ्या ‘कॅस’ या प्रवेश-निश्चितीत पहिल्या वर्षाचे जे शुल्क भरायचे बाकी दिसते ते, अधिक राहण्याचा खर्च. हा खर्च ११ नोव्हेंबर २०२५पासून लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड आणि लंडनमध्ये १,५२९ पौंड असा धरतात आणि तो जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा मोजतात. म्हणजे तुमच्यासाठी १०,५३९ पौंड. लंडनमध्ये हाच आकडा १३,७६१ होतो.

ही पूर्ण रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे. सरासरी शिल्लक पाहत नाहीत, रोजची पाहतात. एका दिवसासाठी जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी मोडते. बँकेच्या विवरणातली शेवटची तारीख अर्जाच्या तारखेच्या आधी ३१ दिवसांपेक्षा जुनी नसावी. अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन शुल्क भरल्याचा दिवस, बोटांचे ठसे दिल्याचा नव्हे. हे सगळे ठाऊक असूनही अर्ज फसतात ते मुख्यतः दोन कारणांनी. या २८ दिवसांत त्याच खात्यातून कर्जाचा हप्ता किंवा विम्याची रक्कम आपोआप कापली जाते, तेव्हा अशी कपात महिनाभर दुसऱ्या खात्याकडे वळवून ठेवा. दुसरे कारण विनिमयदराचे. खाते पौंडात नसेल तर ब्रिटिश गृहखाते ‘ओआंडा’ या संकेतस्थळावरील अर्जाच्या दिवसाच्या दराने रूपांतर करते. काठोकाठ रक्कम ठेवली आणि दर हलला की शंभर पौंडांसाठी नकार येऊ शकतो. गरजेपेक्षा निदान पाच टक्के वर ठेवावेत, असे आमचे मत आहे.

मुदत ठेव चालते, पण ती केव्हाही मोडता येते हे बँकेच्या कागदावरून स्पष्ट दिसले पाहिजे. शेअर आणि निवृत्तिवेतन किंवा भविष्यनिर्वाह निधीतली शिल्लक चालत नाही. शैक्षणिक कर्ज असेल तर २८ दिवसांचा नियम लागत नाही. कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर हवे आणि मंजुरीचे पत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले हवे.

आणखी एक खर्च लोक विसरतात, तो आरोग्य अधिभाराचा. विद्यार्थ्यांना तो वर्षाला ७७६ पौंड आहे, पण तुमचा अभ्यासक्रम बारा महिन्यांचा असला तरी व्हिसा साधारण सतरा महिन्यांचा मिळतो. म्हणून वरच्या पाच महिन्यांचे अर्धे वर्ष धरून १,१६४ पौंड अर्जाबरोबरच भरावे लागतात. ही रक्कम वर सांगितलेल्या शिलकीत धरू नका, वेगळी काढून ठेवा.

प्रश्न : मुलगा ऑक्टोबरपासून जर्मनीत शिकणार आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाची रक्कम भरली आहे, त्यामुळे जाताना जास्त पैसे नेण्याची गरज नाही असे आम्हाला सांगण्यात आले. वसतिगृह मिळालेले नाही. दोन आठवडे होस्टेलमध्ये राहून घर शोधावे असा त्याचा विचार आहे.

दोन्ही बाबतींत थांबून विचार करावा असे आम्हाला वाटते, कारण जर्मनीत कागदांची एक साखळी आहे आणि तिची पहिली कडी म्हणजे घर.

ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असे व्हिसासाठीचे खाते. त्यात सप्टेंबर २०२४पासून वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. मात्र हे पैसे सहसा मुलाच्या नावावरच्या चालू खात्यातच येतात. ते खाते तिथे पोहोचल्यावर उघडायचे आणि अनेक बँका त्यासाठी पत्त्याच्या नोंदणीचा दाखला मागतात. नोंदणीसाठी घर लागते. घरासाठी अनामत लागते. कायद्याने ही अनामत वीज-उष्णता वगळून जे मूळ भाडे असते, त्याच्या तिप्पटपर्यंत घेता येते. तिचे तीन हप्ते पाडण्याचा भाडेकरूला हक्क आहे, पण नव्या परदेशी विद्यार्थ्याकडून ती एकरकमी मागितली जाते असेच बहुधा दिसते. त्यामुळे पहिले चार ते सहा आठवडे ब्लॉक्ड अकाउंटमधून एक युरोही मिळणार नाही असे धरून चाला. दोन महिन्यांचे भाडे, अनामत, विद्यापीठाचे सत्रशुल्क आणि विम्याचा पहिला हप्ता एवढी रक्कम त्याला वेगळी हाताशी हवी. ती परदेशात चालणाऱ्या दोन वेगवेगळ्या कार्डांवर असावी, कारण एक कार्ड अडले तर दुसरे उपयोगी पडते.

आता होस्टेलचे. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नागरिक कार्यालयात पत्ता नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे. याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी पासपोर्ट आणि भाडेकरार पुरत नाही. ‘ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या घरात राहते’ असा घरमालकाच्या सहीचा वेगळा फॉर्म लागतो आणि होस्टेल किंवा सुट्टीसाठीची घरे तो सहसा देत नाहीत. म्हणून पहिले दोन-तीन महिने पोटभाड्याची खोली शोधणे अधिक शहाणपणाचे. सुट्टीवर किंवा देवाणघेवाण कार्यक्रमावर गेलेले विद्यार्थी आपली खोली तेवढ्यापुरती देतात. पैसे पाठवण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा : नोंदणीसाठी घरमालकाचा फॉर्म मिळेल का? टाळाटाळ झाली तर ती खोली सोडून द्या. ‘मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ल्या टपालाने येतील’ असे सांगणारा माणूस भामटा असतो, जाहिरातीतले फोटो कितीही सुंदर असोत.

मोठ्या शहरांत नोंदणीची वेळ मिळायलाच काही आठवडे जातात. निघण्याच्या आधीच ऑनलाइन वेळ घ्या. ती दोन आठवड्यांपलीकडची मिळाली तर आरक्षणाचा कागद जपून ठेवा. तुम्ही मुदतीत प्रयत्न केला होता याचा तो पुरावा असतो.

आणि एक साधी गोष्ट. पत्रपेटीवर मुलाच्या नावाची चिठ्ठी पहिल्याच दिवशी लावायला सांगा. तिथे टपालवाला पेटीवरचे नाव पाहूनच पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जाते. करक्रमांक, बँकेचे कार्ड, विम्याचे कार्ड हे सगळे टपालाने येते आणि करक्रमांक नसला तर पहिल्याच पगारातून जास्तीचा कर कापला जातो. नोंदणीनंतर रेडिओ-दूरदर्शन शुल्काचे पत्रही येईल. ते महिना १८.३६ युरो असून घरटी एकदाच द्यायचे असते. घरातले कोणी आधीपासून भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवावा, पण पत्राला उत्तरच न देण्याची चूक करू नये.

प्रश्न : माझे वय ३२ आहे. जर्मनीत मास्टर्ससाठी विद्यार्थी दरातला सरकारी आरोग्यविमा मिळेल का?

नाही. सरकारी विम्यातला विद्यार्थी दर तिसाव्या वर्षापर्यंतच असतो. युरोपीय संघाबाहेरून प्रथमच येणाऱ्या तिशीपलीकडच्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा खासगी विमाच घ्यावा लागतो. तो घेताना दोन गोष्टी पाहा. प्रवासविमा किंवा ‘येणाऱ्या पाहुण्यांसाठी’ म्हणून विकला जाणारा स्वस्त विमा परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी कार्यालयात निवासपरवान्याच्या वेळी नाकारला जाऊ शकतो. दुसरे म्हणजे, खासगी विमा घेतला तरी विद्यापीठाला विम्याची स्थिती कळवण्याचे काम सरकारी विमा कंपनीच ऑनलाइन करते. तिच्याकडून ती सूचना गेल्याशिवाय नावनोंदणी पुरी होत नाही. ही सूचना फुकट असते.

तिशीच्या आतल्या वाचकांसाठीही याच ओघात सांगतो. स्वस्त पडतो म्हणून सुरुवातीला खासगी विमा निवडून सरकारी विम्यातून सूट घेतली, तर ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. दुसऱ्या वर्षी आजारपण निघाले आणि मग सरकारी विम्यात जावेसे वाटले, तरी दार बंद झालेले असते. पहिल्या आठवड्यातल्या घाईत हा निर्णय घेऊ नका.

प्रश्न : अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या आय-२०वर सुरुवातीची तारीख १७ ऑगस्ट आहे, वर्ग २४ ऑगस्टपासून आहेत. जुलैच्या पहिल्या आठवड्याचे तिकीट स्वस्त मिळते आहे. घ्यावे का?

घेऊ नका. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पहिल्यांदा जाताना आय-२०वर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या प्रवेशाच्या दाखल्यावर, लिहिलेल्या तारखेच्या आधी ३० दिवसांच्या आत प्रवेश मिळत असतो, त्याआधी नाही. वर्ग कधी सुरू होतात याला इथे महत्त्व नाही. तुमच्या बाबतीत १८ जुलै हा सर्वांत लवकरचा दिवस. पर्यटक व्हिसावर आधी जाऊन तिथेच थांबण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

आय-२० ई-मेलने आला असेल तर छापून त्यावर शाईने सही करा. अठरा वर्षांखालच्या विद्यार्थ्यासाठी पालकांची सही लागते. पासपोर्ट, सही केलेला आय-२०, सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीच्या ३५० डॉलर शुल्काची पावती आणि पैशांचे कागद हातातल्या पिशवीत ठेवा. हे कागद मोठ्या बॅगेत गेले की विमानतळावरच्या अधिकाऱ्यापुढे तुम्ही रिकाम्या हाताने उभे राहता, कारण सामान त्या रांगेनंतर मिळते.

पोहोचल्यावर एक-दोन दिवसांत आय-९४ ही प्रवेशनोंद सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि नाव, जन्मतारीख व ‘एफ-१’ हा वर्ग अचूक आहे का ते वाचा. चूक असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. सहा महिन्यांनी वाहनपरवाना काढताना ती सापडली तर काम लांबते. आय-२०वरच्या तारखेपासून ३० दिवसांत विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाने तुमची नोंद सेविसमध्ये सक्रिय करायची असते, म्हणून त्यांच्याकडे हजेरी लावणे हे पहिल्या आठवड्यातले काम. पत्ता बदलला की १० दिवसांत कळवायचा.

पगार आणि करासाठी लागणाऱ्या सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी सुरुवातीलाच धावपळ करू नका. एफ-१ विद्यार्थ्याला तो नोकरी मिळाल्याशिवाय देत नाहीत. अनेक बँका पासपोर्ट, आय-२० आणि पत्ता पाहून त्याच्याविना खाते उघडतात. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. आणखी एक : एक डॉलरही कमावला नाही तरी पुढच्या वर्षी ८८४३ क्रमांकाचा फॉर्म करखात्याला १५ जूनपर्यंत पाठवावा लागतो. कमाई असेल तर विवरणपत्राची मुदत १५ एप्रिल. ‘पगार नाही, मग कर कसला’ असे म्हणून पुष्कळ विद्यार्थी हा फॉर्म सोडून देतात. ते बरोबर नाही.

प्रश्न : भाचीच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, पूर्ण नाव एकाच रकान्यात आहे. पदवीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आहे. अमेरिकेला जाताना अडचण येईल का?

प्रवासात सहसा अडत नाही, पण तिथे राहताना अडते. अमेरिकेच्या अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडता येत नाही. त्यामुळे तिचे संपूर्ण नाव आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही अक्षरे येतात. त्यांचा अर्थ ‘पहिले नाव अज्ञात’. मग बँकेचे कार्ड, ओळखपत्र, विमा, घराचा करार अशा प्रत्येक ठिकाणी तिचे पहिले नाव एफएनयू होऊन बसते आणि एखाद्या ठिकाणी ते वेगळे लिहिले गेले की दोन कागद जुळेनासे होतात.

वेळ असेल तर पासपोर्ट आधी दुरुस्त करून घ्या आणि नवा हातात आल्यावरच विद्यापीठाकडे आय-२० मागा. पासपोर्ट, आय-२०, व्हिसाचा अर्ज, तिकीट हाच क्रम ठेवा. वेळ नसेल तर जुन्या पासपोर्टवर जसे नाव आहे तसेच सगळीकडे अक्षरन् अक्षर ठेवा. अर्धे कागद जुन्या नावाचे आणि अर्धे नव्या नावाचे ही सर्वांत वाईट स्थिती. हा सल्ला अमेरिकेपुरताच नाही, कोणत्याही देशाला लागू आहे.

प्रश्न : कॅनडाचा अर्ज मंजूर झाला. पासपोर्टवर व्हिसा लागला आणि एक पत्र आले, पण स्टडी परमिट आलेच नाही. कोणाला विचारायचे?

काही राहिलेले नाही. कॅनडात व्हिसा म्हणजे दारापर्यंत जाण्याची परवानगी. स्टडी परमिट हा वेगळा कागद असून तो पहिल्या विमानतळावर, आलेले मंजुरीपत्र दाखवल्यावर छापून मिळतो. ते पत्र, महाविद्यालयाचे प्रवेशपत्र, पैशांचा पुरावा आणि लागू असेल तर प्रांताचे शिफारसपत्र, सगळे छापील प्रतींत जवळ ठेवा. पुढचे विमान असेल तर मधे निदान चार तास ठेवा. ऑगस्टच्या शेवटी या रांगा फार लांब असतात.

परमिट हातात आले की टेबलापासून दूर जाण्याआधी तिथेच उभे राहून वाचा. नाव आणि जन्मतारीख पाहा, शिक्षणसंस्थेचे नाव पाहा, मुदत पाहा. आवाराबाहेर काम करण्यास परवानगी देणारी ओळ आहे का, तेही पाहा. ती ओळ नसेल तर कामासाठी लागणारा सामाजिक विमा क्रमांक मिळत नाही. टेबलावर ही चूक दोन मिनिटांत सुधारते, नंतर मात्र अर्ज करून महिने थांबावे लागते. मुदतीबद्दल एक सूचना : पासपोर्ट जिथे संपतो त्यापुढचे परमिट देत नाहीत. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि चौदा महिने उरलेला पासपोर्ट असेल तर परमिटही चौदा महिन्यांचेच. आधी पासपोर्टचे नूतनीकरण करून गेलेले बरे.

सत्र चालू असताना आवाराबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येते. नोव्हेंबर २०२४पासून महाविद्यालय बदलायचे तर नवा परमिट काढावा लागतो, आधीसारखे नुसते कळवून भागत नाही. ज्यांचा अर्ज अजून व्हायचा आहे त्यांनी राहण्याच्या खर्चापोटी दाखवायची रक्कम पाहून घ्यावी. क्युबेक वगळता एकट्या विद्यार्थ्यासाठी ती १ सप्टेंबर २०२५पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर आहे. पहिल्या वर्षाचे शुल्क आणि प्रवास याहून वेगळा.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास काम करता येते. एका आठवड्यात १८ आणि पुढच्यात ३० तास केले तर नियम मोडतो का?

तेवढ्याने मोडत नाही, बेरीज बरोबर ४८ होते. चूक पुढच्या आठवड्यात होते. पंधरवडा म्हणजे कोणत्याही सोमवारी सुरू होणारे चौदा दिवस. म्हणून दुसरा आणि तिसरा आठवडा मिळूनही एक पंधरवडा होतो. दुसऱ्यात ३० झाले असतील तर तिसऱ्यात १८च्या वर जाता येत नाही. वीस केले तर बेरीज ५० होते आणि नियम मोडतो. सर्व नोकऱ्यांचे तास एकत्र मोजतात, तेव्हा स्वतःची वही ठेवा. सुट्टीच्या काळात मर्यादा नाही, पण अभ्यासक्रम सुरू होण्याआधी काम करता येत नाही.

ब्रिटनमध्ये मोजणी निराळी आहे. तिथे सोमवार ते रविवार हा एक आठवडा आणि पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला त्यात २० तास. एका आठवड्यात १५ केले म्हणून उरलेले पाच पुढे नेता येत नाहीत.

प्रश्न : मुलीला रोज औषधे घ्यावी लागतात. वर्षभराचा साठा सोबत द्यावा का?

वर्षभराचा देऊ नका. अनेक देश वैयक्तिक वापरासाठी साधारण तीन महिन्यांचा साठा मान्य करतात, काही त्याहून कमी. औषधे मूळ पाकिटात, चिठ्ठीसह ठेवा. डबीत काढलेल्या सुट्या गोळ्या कशाच्या आहेत हे सीमाशुल्क अधिकाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या. त्यात आजार, औषधाचे मूळ रासायनिक नाव, मात्रा आणि दिवसातून किती वेळा हे असावे. व्यापारी नाव पुरत नाही, कारण तेच औषध दुसऱ्या देशात वेगळ्या नावाने मिळते आणि तिथल्या डॉक्टरांना रासायनिक नावावरूनच पुढची चिठ्ठी लिहिता येते.

झोपेची, तीव्र वेदनेची, फिट्सची किंवा अवधान-न्यूनतेची औषधे असतील तर निघण्याच्या दोन महिने आधी त्या देशाच्या वकिलातीचे नियम वाचा. एका देशात साध्या चिठ्ठीवर मिळणारे औषध दुसऱ्या देशात बंदी असलेले असू शकते. जपानमध्ये अ‍ॅम्फेटामिन असलेली औषधे डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळीही तिथे चालत नाही.

निम्मी औषधे हातातल्या पिशवीत, निम्मी मोठ्या सामानात ठेवा. इन्सुलिन मात्र सगळे हातातच, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते. लसींची नोंद तारखांसह इंग्रजीत करून घ्या. गोवर-गालगुंड-रुबेला लसीच्या दोन मात्रांचा पुरावा अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठे मागतात आणि तो नसेल तर पुढच्या सत्राची नोंदणी रोखून धरतात. दोन मात्रांमध्ये किमान २८ दिवसांचे अंतर लागते, त्यामुळे हे शेवटच्या आठवड्यात उरकता येत नाही.

प्रश्न : गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे कशा स्वरूपात न्यावीत?

मूळ कागद न्या, पण लॅमिनेट करू नका. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही. विद्यापीठाने सीलबंद पाकिटात दिलेली गुणपत्रिका उघडू नका. उघडलेले पाकीट स्वीकारत नाहीत, म्हणून स्वतःसाठी एक जास्तीचा संच मागून घ्या. भाषांतर लागत असेल तर ते शपथबद्ध किंवा अधिकृत भाषांतरकाराचेच हवे.

अपोस्टिल हा कागद खरा असल्याची परदेशासाठी सरकारी ग्वाही देणारा शिक्का १९६१च्या हेग करारात असलेल्या देशांमध्येच चालतो. चीन त्यात नोव्हेंबर २०२३मध्ये आणि कॅनडा जानेवारी २०२४मध्ये आला, त्यामुळे या दोन देशांबद्दलच्या जुन्या सूचना आता वाचू नयेत. शिक्का मूळ कागदावर हवा की प्रतीवर आणि भाषांतराच्या आधी की नंतर, हे शिक्षणसंस्थेला ई-मेलने विचारून उत्तर जपून ठेवा. शिक्का आधी हवा असताना भाषांतर आधी केले तर भाषांतरात शिक्क्याचा मजकूरच नसतो आणि ते पुन्हा करावे लागते.

प्रश्न : परदेशात गेल्यावर इथल्या मोबाइल क्रमांकाची गरज राहते का?

राहते, आणि बरीच. बँकेचे, शिक्षणकर्जाचे, अनेक सरकारी खात्यांचे सांकेतिक क्रमांक त्याच मोबाइलवर येतात. क्रमांक बंद पडला की स्वतःच्या पैशांनाच हात लावता येत नाही आणि परदेशातून नवे सिम मिळवणे फार अवघड. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंगवर संदेश येतात याची खात्री करा, क्रमांक चालू ठेवणारा सर्वांत लहान प्लॅन घ्या आणि जुने सिम फोनमध्येच राहू देऊन परदेशातले ई-सिम वापरा. फोन दोन सिमचा आहे आणि कोणत्याही कंपनीशी बांधलेला नाही, हे आधी पाहा. बँकेच्या ई-मेलवरही सूचना येतील अशी सोय करा. फोन हरवला तर तोच एक मार्ग उरतो.

प्रश्न : फ्रान्सचा दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळाला. पोहोचल्यावर आणखी काही करायचे असते का?

होय, पोहोचल्यापासून तीन महिन्यांत तो ऑनलाइन वैध करून घ्यायचा, शुल्क भरायचे आणि आलेली पुष्टी छापून ठेवायची. हे राहून गेले तर मुक्काम बेकायदा ठरतो. सुट्टीत बाहेर गेल्यावर परत आत येता येत नाही. कामाची मर्यादा वर्षाला ९६४ तास आहे.

प्रश्न : पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकली तर चालते का? आणि रोख किती न्यावी?

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या पिशवीतच. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. बहुतेक वीस हजार मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँका ७४ वॉट-तासांच्या असतात, म्हणजे चालतात. आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात. केस वाळवण्याचे यंत्र किंवा इस्त्री उत्तर अमेरिकेत नेऊ नका. २३० व्होल्टची ही उपकरणे १२० व्होल्टवर नीट तापत नाहीत आणि साध्या अ‍ॅडॉप्टरने फक्त पिन बदलते, दाब बदलत नाही. लॅपटॉप व फोनचे चार्जर दोन्हींवर चालतात.

रोख पहिल्या आठवड्याच्या प्रवास-खाण्यापुरती पुरे. दहा हजार युरो किंवा त्याहून अधिक रक्कम युरोपीय संघात नेताना आणि दहा हजार डॉलरहून अधिक अमेरिकेत नेताना ती घोषित करावी लागते. घोषित केल्याने कर लागत नाही, न केल्याने रक्कम जप्त होऊ शकते.